तुळशीच्या लग्नापासून शिमग्यापर्यंत: साठीनंतर शरीराला चरबी जाळायला लावणारे १६ आठवडे

गेल्या कार्तिकात आमचे शेजारी तात्या मालवणजवळच्या कोळंबच्या पुलापलीकडच्या चढावर मध्येच थांबले. गुडघ्यांवर हात टेकवून, धाप आवरत त्यांनी मला विचारलं, "माझ्या पोटार इतकी चरबी आसा, मगे चढार इल्यार पायातली ताकद कित्याक जाता?" तात्यांचं वय ६८. मी शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालो, पण इतका नेमका प्रश्न मला वर्गात क्वचितच कुणी विचारला असेल. घरात लाकडं भरलेली असताना चूल का विझते, हेच ते विचारत होते. त्याच्या उत्तरातून आम्ही दोघांनी जे १६ आठवडे काढले, त्याची पद्धत इथे लिहितो आहे. पन्नाशी उलटलेल्या, मालवणी किनाऱ्यावर किंवा कोकणात कुठेही चालू-धावू इच्छिणाऱ्या आणि अर्ध्या वाटेत पाय रिकामे होणाऱ्या सगळ्यांसाठी.

आधी चूल समजून घ्या

न्हाणीची चूल ज्यांनी पेटवली आहे त्यांना हे लगेच कळेल. पातेरा (सुकी पानं) आणि चुडतं (माडाच्या सुक्या झावळ्या) टाकली की भडका उडतो, पण बघता बघता राख होते. ओंडका तासभर जळत राहतो, मात्र त्याला चूल तापलेली आणि हवा खेळती लागते. शरीरात पातेऱ्याच्या जागी साखर आहे. ती स्नायूंत आणि यकृतात ग्लायकोजेनच्या रूपात साठलेली असते, सगळी मिळून साधारण ४०० ते ५०० ग्रॅम, म्हणजे जेमतेम २००० कॅलरींपर्यंत. ओंडक्याच्या जागी चरबी. ६५ किलो वजनाच्या माणसाच्या अंगावर वजनाच्या पाचव्या हिश्शाइतकी चरबी धरली तरी तिच्यात लाखाच्या वर कॅलरी पडून असतात.

दोन्ही इंधनं एकाच वेळी जळत असतात, बदलतं ते प्रमाण. सावकाश चालताना चरबीचा वाटा मोठा असतो. वेग वाढला, चढ लागला की साखरेचा वाटा वाढत जातो आणि एका वेगाला साखर चरबीला मागे टाकते. जॉर्ज ब्रुक्स या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९९४ मध्ये ही कल्पना नीट मांडली. हे प्रमाण श्वासावरून मोजता येतं. बाहेर टाकलेल्या कार्बन डायऑक्साइडला वापरलेल्या ऑक्सिजनने भागलं, की निव्वळ चरबी जळत असेल तर ०.७ येतात आणि निव्वळ साखर जळत असेल तर १.

आता वयाचा भाग. १९९६ मध्ये अमेरिकेत सत्तरी ओलांडलेल्या आणि पंचविशीतल्या माणसांना सायकल मारायला लावून त्यांचं इंधन मोजलं गेलं. तेवढंच काम करताना वयस्कर मंडळी चरबी कमी आणि साखर जास्त जाळत होती. तरुणांचा जोर त्यांच्या त्यांच्या ताकदीच्या मानाने सारखा ठेवला, तरीही तोच फरक दिसला. विशेष म्हणजे वयस्करांच्या रक्तात चरबी कमी पडत नव्हती. साठ्यातून ती सुटत होती, स्नायूपर्यंत पोचत होती, आणि तिथे जळत नव्हती. त्याच संशोधकांनी १९९८ मध्ये वयस्कर माणसांकडून १६ आठवडे दमसासाचा व्यायाम करून घेतला. व्यायाम करताना जळणारी चरबी वाढली, पण साठ्यातून सुटणारी चरबी होती तेवढीच राहिली. ओंडके तेच होते, सुधारली ती चूल.

ही चूल म्हणजे स्नायूंच्या पेशींतल्या मायटोकॉन्ड्रिया. बैठ्या आयुष्यात वयाबरोबर त्यांची क्षमता घटते. व्यायामाने ती वाढते, हे जॉन होलोझी यांनी १९६७ मध्ये उंदरांना पट्ट्यावर पळवून दाखवलं होतं. त्या उंदरांच्या स्नायूंत चरबी-साखर जाळणारी यंत्रणा जवळपास दुप्पट झाली होती. माणसांत १९८९ साली झालेल्या एका अभ्यासात तरुण आणि साठीपुढची माणसं १२ आठवडे सायकलवर बसली. स्नायूंची प्राणवायू वापरून इंधन जाळण्याची क्षमता तरुणांत २७ टक्के वाढली, वयस्करांत १२८ टक्के. मागे पडलेल्याला वाव जास्त असतो, हे खरं. पण "आता ह्या वयात काय होणार" असं म्हणणाऱ्या प्रत्येकाला मी हा आकडा सांगतो.

तात्यांच्या चढावर आणखी एक गोष्ट घडत होती. प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता तिशीनंतर दर दहा वर्षांना साधारण १० टक्क्यांनी उतरते. जे नेटाने व्यायाम चालू ठेवतात त्यांच्यात ही घट जवळपास निम्म्यावर येते. त्यामुळे जो चढ तिशीत निम्म्या ताकदीचा होता, तोच ६८ व्या वर्षी जवळजवळ पाऊण ताकदीचा होतो आणि शरीर आपोआप साखरेवर जातं. दोन्ही बाजूंनी साखरेचा उपसा, आणि साठा मुळात लहान. म्हणून ताकद अशी अचानक जाते.

पायरी १: डॉक्टरांकडे जाऊन या

इथे घाई करू नका. रक्तदाब आणि साखर तपासा. छातीत दडपण, थोड्या श्रमाने दम, चक्कर किंवा हृदयाची धडधड असा काहीही अनुभव असेल, तर हृदयाची तपासणी झाल्याशिवाय पुढचं वाचूही नका.

औषधांची चौकशी मात्र नेमकी करा. मेटोप्रोलोल, अटेनोलोल यांसारखी बीटा ब्लॉकर गटातली गोळी चालू असेल तर नाडी दाबलेली राहते आणि नाडीचं कुठलंही सूत्र तुम्हाला लागू पडत नाही. ही औषधं चरबी सुटण्याची क्रियाही मंदावतात, म्हणून पाय लवकर जड वाटले तर घाबरू नका आणि मनाने गोळी बंद करू नका. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेत असाल तर उपाशीपोटी लांब जाणं धोक्याचं आहे, कारण साखर एकदम खाली येऊ शकते. खिशात ग्लुकोज किंवा साखरेची पुडी हवीच, आणि सोबतीला माणूस.

पायरी २: तुमचा वेग शोधा

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून इथे जरा थांबतो.

चरबी सर्वांत जास्त जळते ती मध्यम वेगाला. अगदी सावकाश चाललात तर चरबीचा वाटा मोठा असतो, पण एकूण जळणच थोडं. फार जोरात गेलात तर जळण मोठं, पण चरबी मागे पडते. मधला वेग माणसागणिक वेगळा असतो, आणि सराव नसलेल्यांचा तो वाटतो त्यापेक्षा बराच कमी असतो. तात्या पहिले दोन आठवडे माझ्यावर नाराज होते, कारण मी त्यांना त्यांच्या नेहमीच्या चालीपेक्षाही सावकाश चालवत होतो.

वेग ओळखायची माझी कसोटी अशी. पूर्ण वाक्य न तुटता बोलता आलं पाहिजे. भजनाची एक ओळ म्हणता यावी, दुसऱ्या ओळीआधी श्वास घ्यावासा वाटावा. तोंड बंद ठेवून नाकाने श्वास पुरत असेल तर उत्तमच. शब्द तुटायला लागले की तुम्ही साखरेच्या बाजूला गेलात.

नाडी मोजणाऱ्यांसाठी: वयाला ०.७ ने गुणा आणि ते २०८ मधून वजा करा. ६८ वर्षांच्या माणसाला १६० येतात. त्याच्या ६० ते ७० टक्के, म्हणजे ९६ ते ११२, हा सुरुवातीचा पट्टा. पण हे सरासरीचं सूत्र आहे, एखाद्याचा खरा आकडा त्यापेक्षा १० ठोक्यांनी किंवा त्याहूनही इकडेतिकडे असू शकतो. सूत्र आणि बोलणं यांत वाद झाला तर बोलण्याचं ऐका.

हा वेग प्रत्यक्ष कसा दिसतो, ते मी रापणीवर, म्हणजे किनाऱ्यावरून दोरांनी ओढायच्या मोठ्या जाळ्यावर पाहिलं. डिसेंबरातल्या एका सकाळी तारकर्लीच्या किनाऱ्यावर रापण ओढणं चाललं होतं. तरुण पोरं पहिल्या पाच मिनिटांत दोराला हिसके देत होती, मग हात सोडून कमरेवर ठेवत होती. त्यांच्या मागे दोन म्हातारे, दोघांच्याही डोक्यावर पांढरं मफलर, एक पाऊल मागे, दोर ताणलेला, पुन्हा एक पाऊल मागे. पाऊल कुठे लांब नाही, कुठे आखूड नाही. बोलणं अखंड चालू: कुणाच्या नातीचं लग्न, बर्फाचा भाव. जाळं किनाऱ्याला लागलं तेव्हा त्यांचा श्वास सुरुवातीला होता तसाच होता. त्यांच्याकडे नाडी मोजणारं घड्याळ नव्हतं, पण चरबीच्या चुलीवर चाललेलं काम याहून स्पष्ट मी कधी पाहिलं नाही.

पायरी ३: १६ आठवड्यांची आखणी

कार्तिकी पौर्णिमेला तुळशीची लग्नं संपतात आणि फाल्गुनी पौर्णिमेला होळी. मध्ये चार चांद्रमास, म्हणजे १६ आठवडे आणि वर काही दिवस. पाऊस गेलेला, उकाडा यायचा असलेला, हवा कोरडी. यापेक्षा चांगला काळ आपल्याकडे वर्षात नाही.

पहिले चार आठवडे आठवड्यातून चार दिवस, ३० मिनिटांपासून सुरू करून ४५ पर्यंत. सगळं सपाटीवर आणि बोलण्याच्या वेगात. पाचव्या आठवड्यापासून तीन दिवस ४५ मिनिटं आणि चौथा दिवस लांब पल्ल्याचा, ६० मिनिटांपासून आठव्या आठवड्यापर्यंत ७५. हा लांबचा दिवस चुकवू नका. चूल सुधारते ती मुख्यत्वे या दिवशी, कारण तासाभराने साखरेचा साठा उतरायला लागतो आणि स्नायूंना चरबीकडे वळावंच लागतं.

नवव्या आठवड्यापासून एका दिवशी चढ घ्या. तीन मिनिटं दमदार चढायचं, बोलणं तुटेल इतपत, मग सावकाश उतरायचं, असं चार वेळा. जोराच्या कामानेही मायटोकॉन्ड्रिया वाढतात, आणि प्राणवायूची कमाल क्षमता उचलायला त्याची गरज असते. पण आठवड्यातून एकदाच. लांबचा दिवस बाराव्या आठवड्याला ९० मिनिटांवर न्या, सोळाव्याला दोन तासांच्या आसपास. दर चौथ्या आठवड्यात लांबचा दिवस सोडून बाकीचा वेळ एक तृतीयांशाने कमी करा. शरीर विश्रांतीतच घडतं, आणि साठीनंतर सावरायला तरुणांपेक्षा वेळ जास्त लागतो. धावणाऱ्यांनी आणि सायकलवाल्यांनीही मिनिटं हीच ठेवावीत.

पुळणीवर, म्हणजे किनाऱ्याच्या वाळूत चालणार असाल तर पंचांग बघा. आपल्याकडे जुना हिशोब आहे: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. अष्टमीला सकाळी सहाच्या सुमारास भरती, म्हणजे चालायच्या वेळी कडक ओली वाळू पाण्याखाली आणि तुमच्या वाट्याला वरची भुसभुशीत. पौर्णिमा-अमावास्येला भरती सव्वाअकराच्या आसपास, म्हणजे पहाटे ओहोटी आणि ओल्या वाळूचा लांबरुंद पट्टा मोकळा. फरक किरकोळ नाही. कोरड्या भुसभुशीत वाळूत चालायला कडक जमिनीच्या दुप्पट किंवा त्याहूनही जास्त शक्ती लागते, आणि बोलण्याचा वेग कधी सुटला ते कळतही नाही. म्हणून लांबचा दिवस पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास पुळणीवर, अष्टमीच्या आसपास रस्त्यावर.

पायरी ४: ताकद

वयाबरोबर मांस झडतं, त्यातही जोराच्या कामाचे तंतू आधी. साखर साठवायची कोठारं आणि चरबी जाळायच्या चुली दोन्ही स्नायूंतच असतात, तेव्हा स्नायूच घटले तर चालणं कितीही करा, अर्धंच काम होतं. आठवड्यातून दोन दिवस, २० मिनिटं पुरतात. हात न टेकता खुर्चीवरून १० वेळा उठणं, भिंतीला हात टेकवून दंड, जांभ्याच्या पायऱ्यांवर चढउतार, दोन हातांत पाण्याच्या बादल्या घेऊन अंगणात फेऱ्या. प्रत्येकाच्या दोन-तीन फेऱ्या करा, शेवटचे दोन-तीन वेळचे जड गेले पाहिजेत. बायकांनी हे मुळीच टाळू नये. व्यायामात बायका पुरुषांपेक्षा चरबीचा वाटा जास्त वापरतात, पण पाळी गेल्यावर ही जमेची बाजू कमी होते आणि हाडंही झिजू लागतात.

पायरी ५: काय खायचं, कधी खायचं

तासाभराच्या सावकाश चालीसाठी काहीही खायची गरज नाही. बिनसाखरेचा चहा घेऊन निघा. निघण्याआधी गोड चहा-बिस्किटं किंवा सरबत घेतलं तर इन्सुलिन वाढतं, आणि इन्सुलिन चरबीच्या साठ्याला कुलूप घालतं. ज्यासाठी निघालात तेच मग कमी होतं. औषधं चालू असलेल्या मधुमेहींना हा नियम नाही, त्यांनी पायरी १ मधलं पाळावं.

लांबच्या दिवशी उलट. मी स्वतः साठाव्या वर्षी, उपाशी राहिलं की चरबी जास्त जळते या भरवशावर, आचऱ्याच्या रस्त्याला रिकाम्या पोटी निघालो. अडीच तास झाले तेव्हा हात थरथरायला लागले, घाम गार झाला, आणि पाय जमिनीला टेकतात की नाही तेही कळेना. एका घराच्या पायरीवर बसलो. तिथल्या वहिनींनी न विचारता गुळाचा खडा आणि तांब्याभर पाणी आणून ठेवलं. थोड्या वेळाने हात स्थिर झाले, पण परतीला रिक्षाच करावी लागली. तेव्हा कळलं ते असं: चरबी कितीही जळत असली तरी मेंदूला साखर लागते, आणि यकृतातला साठा रात्रीच्या उपासाने आधीच उतरलेला असतो.

म्हणून ९० मिनिटांपेक्षा जास्त वेळ जाणार असाल तर दोन तास आधी उकड्या तांदळाची पेज घ्या, मीठ घालून, जरा शितं जास्त ठेवून. माझ्या मते यासाठी पेजेइतकं सोयीचं दुसरं काही नाही. पोटाला जड नाही, पाणीही जातं, मीठही. वाटेत पहिल्या तासानंतर दर तासाला साधारण ३० ग्रॅम साखर-पिष्ट पोटात जाऊ द्या. मध्यम आकाराच्या एका केळ्यात २५ ग्रॅमच्या आसपास असतं. शहाळ्याचं पाणी चांगलंच, पण त्यात पोटॅशियम भरपूर आणि सोडियम घामातून जातं त्यामानाने थोडं, तेव्हा चिमूटभर मीठ घाला. साखर-मिठाचं कोकम सरबत याहून बरं. रक्तदाब किंवा किडनीचा त्रास असलेल्यांनी मीठ आणि शहाळं दोन्ही डॉक्टरांना विचारून.

आल्यावर तासाभरात प्रथिनं. वयस्कर स्नायू थोड्या प्रथिनांना नीट दाद देत नाहीत, एका जेवणात २५ ते ३० ग्रॅम गेली पाहिजेत. दिवसाला वजनाच्या किलोमागे १ ते १.२ ग्रॅम. बांगड्याच्या १०० ग्रॅम मांसात २० ग्रॅमच्या आसपास मिळतात. शाकाहारींनी कुळथाची पिठी किंवा उसळ, वर दही, अंड चालत असेल तर अंड. नुसत्या पिठीने किंवा वाटीभर उसळीने आकडा गाठला जात नाही, जोडीला दही-अंड हवं.

भात-भाकरी पूर्ण सोडून चरबीवर चालायचा प्रयोग काही जण करतात. त्याने व्यायामात चरबी खरंच जास्त जळते, पण तेवढ्याच वेगाला प्राणवायूही जास्त लागतो, आणि चढावर तेच नको असतं. मी ते सुचवणार नाही.

आणि वजनाबद्दल खरं ते सांगायला हवं. ६० किलोच्या माणसाने तासभर बरी चाल ठेवली तर साधारण २०० कॅलरी जातात. त्यातल्या निम्म्या चरबीच्या धरल्या तरी ती १२ ग्रॅमच्या आतबाहेर, म्हणजे अडीच छोटे चमचे तेल. व्यायाम करताना कोणतं इंधन जळतं यावर वजन ठरत नाही, दिवसभरात किती खाल्लं आणि किती खर्चलं यावर ठरतं. चरबी जाळायची क्षमता वाढवायची ती दम टिकावा, साखरेचा साठा पुरावा आणि स्नायूंनी रक्तातली साखर नीट उचलावी म्हणून.

पायरी ६: उकाडा

दमट हवेत घाम येतो पण सुकत नाही, म्हणून अंग थंड होत नाही. तापलेलं शरीर साखर जास्त जाळतं आणि नाडी वेग तोच असताना चढत जाते. वयाबरोबर तहानेची जाणीव बोथट होते, घामाची क्रियाही मंदावते. फाल्गुनापासून उजाडायच्या आत निघा आणि नाडी सांगेल तसा वेग उतरवा. डोकं दुखणं, अंगावर काटा, बोलण्यात गोंधळ यातलं काहीही झालं तर सावलीत बसा, अंगावर पाणी ओता, हाक मारा. गोंधळ झाला असेल तर थेट दवाखाना.

पायरी ७: वही

बदल मोजायला प्रयोगशाळा लागत नाही. दर दोन आठवड्यांनी तोच रस्ता, दिवसाची तीच वेळ, तीच नाडी ठेवून किती मिनिटं लागली ते लिहा. तात्यांचा पाच किलोमीटरचा रस्ता होता. १०८ नाडीला पहिल्या आठवड्यात ७१ मिनिटं लागली होती, शिमग्याच्या आधी ६१. दुसरी खूण: लांब पल्ल्यात पहिल्या अर्ध्या तासाची नाडी आणि शेवटच्या अर्ध्या तासाची नाडी यांतला फरक. तो कमी होत गेला की समजा चूल तापते आहे. तिसरी खूण वहीत मावत नाही: परत आल्यावर जी गोड खायची हाव सुटते, ती ओसरते. तात्यांनी ती आठव्या आठवड्यात स्वतःहून सांगितली.

चौथ्या आठवड्यापर्यंत काहीच हललं नाही तर बहुतेक वेळा कारण एकच असतं, रोजचा वेग जास्त आहे. झोप आणि हिमोग्लोबिनही बघून घ्या.

पाऊस लागल्यावर

कमावलेलं टिकायला फार लागत नाही, पण सोडलं तर काही आठवड्यांतच उतरायला लागतं. मृगापासून आम्ही चारऐवजी दोन दिवसांवर येतो. एक दिवस देवळाच्या सभामंडपात ४५ मिनिटं फेऱ्या, दुसरा दिवस घरच्या जिन्यावर तीन-तीन मिनिटांचे चढ. ज्यांच्या घरी लावणी आहे त्यांचा तो पंधरवडा चालण्याच्या हिशोबात धरा, पण कमरेसाठी खुर्चीवरून उठण्याच्या फेऱ्या चालू ठेवा. शेवाळलेल्या पाखाडीवर (दगडी पायवाटेवर) आणि जांभ्याच्या ओल्या पायऱ्यांवर मात्र कुणीही चढ करू नये. तात्यांची वही सध्या देवळातल्या खुंटीवर, छत्रीशेजारी प्लॅस्टिकच्या पिशवीत टांगलेली असते.